तारेतून आलेला धूर कोणाच्या खात्यात?

बाहेरून येणारा माल बनवताना किती कार्बन उत्सर्जन झाले त्यावर युरोपीय संघ सीमेवर जो कार्बन कर लावतो, त्याची आपल्याकडे चर्चा झाली ती पोलाद आणि ॲल्युमिनियममुळे. त्याच यादीत वीजही आहे, आणि मला सगळ्यात अवघड प्रकरण तेच वाटते. पोलाद कुठल्या कारखान्यातून आले ते शोधता येते. तारेतून आलेले युनिट कोळशाचे की धरणाचे, हे मीटर सांगू शकत नाही.

या प्रश्नाला आधी भिडले कॅलिफोर्निया. अमेरिकेतल्याच युटा राज्याच्या वाळवंटात, डेल्टा गावाजवळ 1986 पासून कोळसा जळत होता आणि सुमारे 785 किलोमीटरच्या डीसी (एकदिश प्रवाहाच्या) वाहिनीने ती वीज लॉस एंजेलिसकडे जात होती. दिवे इकडे, धुराडे तिकडे. म्हणून 2006 च्या हवामान कायद्याने आयात विजेचे उत्सर्जनही राज्याच्याच खात्यात धरले. 2013 पासून अशी वीज आणणाऱ्याला उत्सर्जन परवाने घ्यावे लागले. स्रोत सांगता येत नसेल, तर मेगावॉट-तासामागे 0.428 टन कार्बन डायऑक्साइड धरायचा. पळवाटही उघड होती: स्वच्छ वीज कॅलिफोर्नियाच्या नावावर दाखवायची, कोळशाची शेजारच्या राज्यांच्या. नियमात त्याला बंदी आहे. पण एकूण धूर तेवढाच राहिला तर तो पकडायचा कसा?

युरोपात 2005 पासून वीजकेंद्रांना उत्सर्जनाचे पैसे मोजावे लागतात, सीमेपलीकडच्यांना नाही. 2018 च्या अखेरीस मोरोक्कोत साफी इथे कोळशाचे मोठे केंद्र सुरू झाले आणि समुद्राखालच्या केबलमधून वीज उलटी स्पेनकडे वाहू लागली. तेव्हा ही तफावत सगळ्यांच्या डोळ्यांवर आली.

युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमाने वीज या सीमेवरच्या करात आणली. नोंदी ऑक्टोबर 2023 पासून, प्रत्यक्ष भार 1 जानेवारी 2026 पासून. मात्र खरे उत्सर्जन दाखवता आले नाही तर धरायचा प्रमाण आकडा ठरवला निर्यातदार देशातल्या फक्त जीवाश्म इंधनाच्या विजेवरून. खरे उत्सर्जन दाखवायचे तर थेट खरेदी करार हवा, वाहिनीत अडथळा नको, तासातासाची नोंद हवी.

युरोपीय संघाबाहेरच्या माँटेनेग्रो या छोट्या देशात कोळशाचे केंद्र एकच, प्लेव्हल्या. बाकी बरीच वीज पिवा आणि पेरुचित्सा इथल्या जलविद्युत केंद्रांची. 2019 पासून ती समुद्राखालून इटलीला जाते. या नियमानुसार करार जमला नाही, तर पिवा धरणाच्या युनिटवरही प्लेव्हल्याच्या लिग्नाइटचाच (हलक्या प्रतीच्या कोळशाचाच) आकडा चढतो. हे मला अन्यायाचे वाटते.