युग्मकजनन, मानवी

शुक्राणू व अंडाणू ही युग्मके तयार होण्याची प्रक्रिया. शरीरातील इतर पेशींत ४६ गुणसूत्रे असतात, युग्मकात २३. ही निमपट अर्धसूत्री विभाजनाने होते. ४६ हा आकडा तसा अलीकडचा आहे. १९२३ पासून तीन दशकांहून अधिक काळ तो ४८ समजला जाई. १९५६ मध्ये त्जिओ व लेव्हान या शास्त्रज्ञांनी तो दुरुस्त केला.

मराठी परिभाषेत एकवाक्यता नाही. पाठ्यपुस्तकात ‘अंडाणू’ किंवा ‘अंडपेशी’, तर ओपीडीच्या रांगेत ‘स्त्रीबीज’. ‘बीजांड’ही रूढ आहे, अंडाशयाला ‘बीजांडकोश’ म्हणणारे डॉक्टर पुष्कळ. पण वनस्पतिशास्त्रात ‘बीजांड’ म्हणजे ज्यापासून पुढे बी होते तो भाग, म्हणून येथे तो शब्द टाळला आहे.

शरीररचना : वृषणे पोटाबाहेर, वृषणकोशात असतात. तेथील तापमान शरीरापेक्षा २–३° से. कमी असते व शुक्राणू घडण्यास ते आवश्यक आहे. शुक्राणू वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणातील सु. ६ मी. लांबीच्या वेटोळ्या नळीत परिपक्व होतात. पुढे शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथींचे स्राव मिसळून वीर्य बनते. स्त्रीच्या दोन अंडाशयांतून बाहेर पडलेला अंडाणू सु. १० सेंमी. लांबीच्या अंडवाहिनीत येतो; फलन तिच्या रुंद भागात होते, गर्भाशयात नव्हे.

जननपेशींचा उगम : या पेशी मुळात येतात कोठून, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. १८७० मध्ये वाल्डायर यांनी अंडाशयावरील पेशींच्या थरापासूनच अंडाणू बनतात असे मांडले व त्या थराला ‘जनन अधिस्तर’ म्हटले जाऊ लागले. (‘क्रोमोसोम’ हा शब्दही यांचाच, १८८८ चा.) १८८० मध्ये नुसबाउम यांनी उलट मत मांडले : जननपेशी भ्रूणात फार लवकर वेगळ्या पडतात आणि अंडाशयात किंवा वृषणात बाहेरून येतात. १९५४ मध्ये शिक्वाइन यांनी अल्कलाइन फॉस्फटेज या विकराच्या रंजनाने उंदराच्या भ्रूणात त्यांचा मागोवा घेतला आणि पारडे दुसऱ्या मताकडे झुकले. मानवी भ्रूणात या पेशी साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पीतक कोशाच्या (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीच्या) भिंतीत दिसतात आणि आद्य आंत्राच्या कडेने सरकत पाचव्या-सहाव्या आठवड्यात जनन-कटकांत, म्हणजे जेथे पुढे अंडाशय किंवा वृषण बनते तेथे, पोहोचतात. वाल्डायर यांचे मत मागे पडले, नाव मात्र चिकटून राहिले : ‘जनन अधिस्तर’ काहीच जन्माला घालत नाही, तरी पुस्तकांत तो आजही त्याच नावाने आहे.

शुक्राणुजनन : वयात आल्यावर सुरू होते व उतारवयापर्यंत चालते. परळ काय, भायखळा काय, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला ‘हिस्टो’च्या (ऊतींच्या सूक्ष्मरचनेच्या) तासाला वृषणाची स्लाइड असते. भिंगाखाली गोल-लंबगोल नळ्यांचे काप दिसतात. काठाला शुक्रजनक पेशी. त्यांच्या आत, केंद्रकात दोऱ्यांचा गुंता झालेल्या मोठ्या प्राथमिक शुक्रपेशी. मध्याकडे लहान गोल पूर्वशुक्राणू आणि पोकळीत शेपट्यांचे झुबके. द्वितीयक शुक्रपेशी शोधूनही क्वचितच सापडतात, कारण बनल्याबरोबर त्या पुन्हा विभागतात. मधूनमधून फिकट केंद्रकाच्या उंच पेशी दिसतात, त्या सर्टोली यांनी १८६५ मध्ये वर्णिलेल्या आधारपेशी. संपूर्ण प्रक्रियेस सु. ७४ दिवस लागतात. म्हणूनच तापाच्या मोठ्या आजाराचा परिणाम वीर्यतपासणीत काही आठवड्यांनी दिसू शकतो.

अंडाणुजनन : येथे वेळापत्रकच निराळे. अर्धसूत्री विभाजन मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि पहिल्याच टप्प्यात थांबते, ते थेट तारुण्यापर्यंत. काही पेशी चाळीस वर्षेही तशाच थांबून असतात. गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास जननपेशींची संख्या ६०–७० लाख, जन्मावेळी १०–२० लाख, वयात येताना सु. ३–४ लाख, प्रत्यक्ष सुटतात सु. ४००. अंडमोचनाच्या (अंडाणू अंडाशयातून सुटण्याच्या) थोडे आधी पहिले विभाजन पुरे होते : एका भागाला जवळपास सारा पेशीद्रव मिळतो, दुसरा ध्रुवीय पिंड म्हणून बाजूला पडतो. दुसरे विभाजन शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होते. वाढत्या वयातील मातांच्या बाळांत डाउन लक्षणसमूह (एका जादा गुणसूत्रामुळे होणारा विकार) अधिक आढळतो, त्याचा संबंध या प्रदीर्घ थांब्याशी जोडला जातो.

हा साठा जन्मतः ठरलेला असतो, हे मत झुकरमन यांनी १९५१ मध्ये दृढ केले. २००४ मध्ये उंदरांवरील व २०१२ मध्ये मानवी ऊतीवरील प्रयोगांच्या आधारे प्रौढ अंडाशयातही मूलपेशी (नव्या अंडपेशी बनवू शकणाऱ्या पेशी) असल्याचा दावा झाला. तो सर्वमान्य झालेला नाही; जुने मतच अद्याप अधिक ग्राह्य दिसते.

मुंबईतील कार्य : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५४ च्या सुमारास मुंबईत गर्भनिरोधक-चाचणी केंद्र काढले, त्यातूनच पुढे परळची प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. ही संस्था आणि केईएम रुग्णालय यांच्या सहकार्याने ६ ऑगस्ट १९८६ रोजी शरीराबाहेरील फलनातून एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा व संस्थेचे टी. सी. आनंद कुमार हे या कामातील प्रमुख. ती भारतातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून गाजली. मुंबईत आजही बहुधा तसेच सांगितले जाते. तथापि कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच अशी मुलगी जन्मली होती. त्यांचा दावा त्या वेळी फेटाळला गेला व १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या टिपणांचा अभ्यास करून १९९७ मध्ये आनंद कुमार यांनीच अग्रमान कोलकात्याला दिला. मुंबईतील जन्म शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला पहिला, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.