थंडीआधी घराचा उंदीर-बंदोबस्त

पाऊस संपल्यावर आणि थंडी पडायच्या आधी, म्हणजे साधारण नवरात्र ते दिवाळी ह्या दिवसांत, उंदरांच्या घरात शिरायच्या वाटा शोधून बंद करणं म्हणजे हा बंदोबस्त. आपल्याकडे ह्याला वेगळं नाव वगैरे नाही, दिवाळीच्या साफसफाईत झालं तर झालं, नाहीतर राहूनच जातं, आणि मग डिसेंबरात रात्री माळ्यावर खुडबुड सुरू झाली की पिंजरा कुठे ठेवलाय त्याची शोधाशोध. खरं म्हणजे हे काम मुळात गवंड्याचं आहे. पिंजरा त्यानंतर, आणि विष जमलं तर नकोच.

आता ह्याच दिवसांत का? थंड देशांत कारण सरळ आहे, बाहेर सगळं गोठतं आणि घर उबदार असतं. महाराष्ट्रात निफाडचा पारा एखाद्या वर्षी ५ अंशांच्या खाली जातो हे खरं, विदर्भातही चांगलं गारठतं, पण नुसत्या थंडीने एवढे उंदीर घरात येत नाहीत. जास्त मोठं कारण म्हणजे खरिपाची काढणी. सोयाबीन, बाजरी, मका, कोकणात भात, हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं, शेत उघडं पडतं, लपायला आडोसा राहत नाही, खायलाही फारसं उरत नाही, आणि ज्यावर इतके दिवस चैन चालली होती तेच धान्य पोत्यात भरून माणसाच्या घरात जातं. उंदीर त्याच्या मागे येतो. शहरात शेत नसलं तरी पडीक प्लॉटवरचं पावसाळी गवत ह्याच सुमारास वाळतं आणि तिथली मंडळी बाजूच्या सोसायटीत सरकतात.

उशीर केला की काय होतं ते उंदराच्या संसारावरून कळतं. घरातल्या लहान उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच ते आठ पिल्लं, वितल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की तीही विणीला तयार. म्हणजे कोजागरीला आलेल्या एका जोडीला संक्रांतीपर्यंत नातवंडं झालेली असतात.

घरात येणारे सगळे एकाच जातीचे नसतात, आणि बंदोबस्त कुणाचा करायचाय हे माहीत असलेलं बरं. सगळ्यात जास्त त्रास लहान घरउंदराचा, शास्त्रीय नाव मस मस्क्युलस, वजन फार तर २५-३० ग्रॅम. काळा घरउंदीर त्याच्यापेक्षा बराच मोठा, चढण्यात पटाईत, कौलं, वासे, वायरी, झाडाची छपरावर आलेली फांदी ह्यांवरून येतो. घूस जमीन पोखरते, गटार, अंगण, जोत्याखाली तिची बिळं, बाहेर मातीचा ढीग दिसतो. लांब नाकाची चिचुंद्री तर उंदीरच नाही, ती मुख्यतः किडे खाते, झुरळं पण खाते, वास मात्र असा सोडते की बिचारीचे उपकार कुणी मानत नाही. चिचुंद्री दिसली म्हणून धान्याच्या नावाने ओरडण्यात अर्थ नाही, दाराखालची फट बुजवली की तिचंही येणं थांबतं.

वाटा कुठे असतात

लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल जिथून आत जाते तिथून तोही जाऊ शकतो हा हिशोब डोक्यात ठेवून घराभोवती एक चक्कर मारायची, दिवसा एकदा आणि अंधारात आत दिवा लावून बाहेरून एकदा, म्हणजे कुठून उजेड बाहेर पडतोय ते दिसतं. उंदीर मोकळ्या जागेतून कमी आणि भिंतीला अंग घासत जास्त चालतो, म्हणून त्याच्या रोजच्या वाटेवर भिंतीला काळपट तेलकट पट्टा उमटलेला असतो आणि तिथेच तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या. तरी खात्री होत नसेल तर संशयाच्या भोकात रात्री कागदाचा बोळा कोंबून ठेवा, सकाळी बोळा बाहेर पडलेला असला की समजायचं वाट चालू आहे. भोकापुढे थोडं पीठ भुरभुरवून पावलं बघायची जुनी पद्धतही चांगली चालते.

फ्लॅटमध्ये नेहमीच्या जागा ठरलेल्या. सिंकखालच्या कपाटात जिथे पाइप भिंतीत जातो तिथलं भोक (पाइप एक इंचाचा आणि भोक तीन इंचाचं, हे प्लंबर लोकांचं कायमचं काम), एसीच्या पाइपचं भोक, गॅसच्या पाइपचं, एक्झॉस्ट फॅनची खिडकी, बाथरूमच्या ट्रॅपची तुटलेली जाळी, आणि मुख्य दाराखालची फट. पाइपांच्या डक्टमधून उंदीर मजले चढून येतो, म्हणून चौथ्या-पाचव्या मजल्यावर आहोत म्हणजे सुटलो असं नाही. सोसायटीत एकाच घराने सगळं बुजवलं तर उंदीर शेजारच्या घरी जातो, डक्टचं काम खरं तर कमिटीने करायला हवं पण मीटिंगमध्ये हा विषय पार्किंगच्या खाली दबतो.

गावाकडच्या घरात काम जास्त. मंगलोरी कौलांच्या खाली भिंत आणि वासे ह्यांच्यामध्ये जी सलग पोकळी राहते तो तर राजमार्ग. पत्र्याच्या पन्हळीखालच्या फटी, मोरीचं पाणी बाहेर जायचं भोक, मातीच्या भिंतीतली जुनी बिळं, झिजलेला उंबरठा. घराच्या भिंतीला टेकून सरपण, कडब्याची गंजी किंवा रिकामी पोती रचलेली असली तर उंदराला दारापर्यंत आडोसा आपणच करून दिलेला असतो, हे सगळं भिंतीपासून चार हात लांब पाहिजे. ह्यात एक दुसरा फायदा पण आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, नाग, घोणस, धामण हे उंदरांच्या मागेच घराजवळ येतात, उंदीर कमी झाले की सापांचं येणंही कमी होतं.

बुजवायचं कशाने

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, सतत कुरतडत राहिल्यानेच ते मापात राहतात, त्यामुळे लाकूड, प्लास्टिक, रबर, थर्माकोल आणि तो फुगणारा पिवळा फोम ह्यातलं काहीही एकट्याने टिकत नाही. फोमवाल्या जाहिराती बघून लोक डबेच्या डबे मारतात आणि महिन्याभरात त्यातून बोगदा पडलेला असतो. टिकतं ते लोखंड आणि सिमेंट. लहान भोकात भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट किंवा एमसील. मोठ्या भोकाला, खिडकीला, कौलाखालच्या पोकळीला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाव इंची जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची) जाळी, मच्छरांची नायलॉन जाळी नाही, ती तो एका रात्रीत फाडतो. बिळात काचेचा चुरा मिसळलेलं सिमेंट भरायची आपल्याकडची जुनी रीत आहे आणि घुशीच्या बिळाला ती अजूनही बरी पडते. लाकडी दाराच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमची किंवा पत्र्याची पट्टी.

एकच काळजी घ्यायची. उंदीर आधीच आत असताना सगळ्या वाटा एकदम बंद केल्या तर तो घरातच कोंडला जातो, मग तो कपाट, वायरी, फ्रिजची मागची बाजू, जे सापडेल ते कुरतडतो. म्हणून चालू नसलेली भोकं आधी बुजवायची, चालू वाटेवर दोन-तीन रात्री सापळे लावायचे, हालचाल थांबली की तेही बंद.

धान्याचं म्हणाल तर जुन्या लोकांची व्यवस्था विचारपूर्वक होती. वाड्यांच्या जाड भिंतीतलं बळद, जमिनीखालचं पेव, शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी, हे सगळं थोड्याफार प्रमाणात उंदरांपासून वाचवायलाच होतं. पैकी कणगी मात्र लिंपण पडलं की उंदराला पाच मिनिटांचं काम. आता पत्र्याची कोठी सगळ्यात चांगली, घट्ट झाकणाची आणि जमिनीपासून उचललेली. लहान उंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम खाणं पुरतं आणि कोरड्या धान्यावर तो पाण्याशिवायही बराच काळ काढतो, त्यामुळे रात्री ओट्यावर सांडलेले चार शेंगदाणे, कबुतरांना टाकलेली ज्वारी, कुत्र्याच्या ताटलीतलं उरलेलं खाणं हे त्याच्यासाठी पूर्ण जेवण आहे. खातो त्यापेक्षा मुताने आणि लेंड्यांनी नासवतो जास्त.

सापळे, विष आणि बाकीचे उपाय

खटक्याचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष म्हणून भाजलेलं खोबरं, भजी, सुकट, तुपात बुडवलेला पोळीचा तुकडा, ज्याच्या त्याच्या घरचं शास्त्र वेगळं. गणपतीचं वाहन म्हणून मारायला हात धजत नाही अशी पुष्कळ घरं आहेत, तिथे पिंजरा आणि मग लांब नेऊन सोडणं, म्हणजे व्यवहारात दुसऱ्याच्या दारात सोडणं. विष घालायचं ठरवताना मोठ्याने बोलायचं नाही, मामांना ऐकू जातं, असंही घरोघरी सांगतात. चिकट गोंदाचे पुठ्ठे सर्रास विकले जातात, पण उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडत राहतो, सरडे आणि पक्षीही अडकतात. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने सामान्य लोकांना ते लावायला बंदी केली आणि २०२४ पासून ती अमलात आली.

विषाबद्दल गैरसमज फार. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर पाणी शोधत घराबाहेर जाऊन मरतो हे दुकानदार सांगतात ते खरं नाही, रक्त न गोठल्यामुळे तो काही दिवसांनी जिथे असेल तिथे मरतो, बऱ्याचदा फॉल्स सीलिंगमध्ये किंवा कपाटामागे, आणि मग आठवडाभर वास. तो उंदीर खाल्लेल्या मांजराला, घुबडालाही ते बाधतं. झिंक फॉस्फाईड शेतातल्या बिळांसाठी, त्यातून पोटात विषारी वायू तयार होतो, राहत्या घरात त्याचं काम नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये, लिव्हर निकामी होतं आणि त्याला उतारा नाही, लहान मुलांच्या हाती लागल्याच्या घटना होत असतात. प्लगला लावायची आवाजाची यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच दाव्यांना पुरावे द्या म्हणून बजावलं होतं, तरी ती ऑनलाइन जोरात खपतायत. कापूर, डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल ह्यांनी घराला वास येतो, उंदीर जात नाही.

मोजून उंदीर मारण्याचे सरकारी प्रकारही आहेत. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे उंदीर मारणारे कामगार टॉर्च आणि काठी घेऊन फिरतात, त्यांना रात्रीला ३० उंदरांचं टार्गेट असायचं. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचा हिशोब मांडून धमाल उडवली होती, पुढे सरकारकडून खुलासा आला की तो आकडा विषाच्या गोळ्यांचा.

रोगराई

मारण्यापेक्षा येऊच न देणं बरं ह्याला आरोग्याचंही कारण आहे. १८९६ ला मुंबईत आणि लगेच पुण्यात प्लेग आला तेव्हा लोकांना ठाऊक झालं होतं की घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात लोकांनी पडझड झालेली घरं सोडली, काही घरांत धान्य तसंच राहिलं, उंदीर माजले, आणि ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले, त्या साथीचं एक कारण म्हणून हीच साखळी सांगितली जाते. लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, त्याचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभवला, पण तो मुख्यतः पावसाळ्यातला, थंडीतल्या घरात धोका जास्त करून दूषित अन्नाचा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे काम सप्टेंबरातच उरकावं लागतं, तिथे बेसमेंट, गॅरेजचं दार, ड्रायरचा व्हेंट ह्या वाटा. तिथल्या काही भागांतल्या हरणउंदरांपासून (डिअर माउस) हंटाव्हायरस ह्या विषाणूचा फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो, तो विषाणू वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीतून श्वासात जातो, त्यामुळे बंद शेड किंवा माळा उघडल्यावर अर्धा तास हवा खेळू द्यायची, हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचं पाणी मारायचं, पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि मग कागदाने पुसून घ्यायचं. झाडू किंवा व्हॅक्यूम लावायचा नाही. आपल्याकडेही माळा साफ करताना हीच पद्धत ठेवायला हरकत नाही.