कॅलिफोर्नियाची प्रायमरी: कोण मत देऊ शकतं, काय लागतं आणि ती लांबलचक मतपत्रिका भरायची कशी

घरातलं कोणी नुकतंच सिटिझन झालं आणि पहिल्यांदा मतपत्रिकेचं पाकीट आलं की प्रश्न ठरलेला, "अरे बापरे, एवढं सगळं भरायचं?" आपल्याकडे शाई लावून घ्यायची, एक बटण दाबायचं, बीप वाजला की घरी. इथे गव्हर्नरपासून जज्जपर्यंत सगळे एकाच कागदावर आणि तोही पाठपोट छापलेला. मी फक्त कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीचं, म्हणजे नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीआधी उमेदवार गाळणाऱ्या मतदानाचं सांगतोय हं, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे टेक्सासवाल्यांनी हे वाचून काही ठरवू नका.

आधी पात्रता, कारण इथली चूक फार महागात पडते. मत फक्त अमेरिकन सिटिझनला. ग्रीन कार्ड कितीही जुनं असलं तरी नाही, एच-वन म्हणजे नोकरीचा व्हिसा तर नाहीच नाही. डीएमव्हीत (आपल्या आरटीओसारखं ऑफिस) लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीचं विचारतात, तिथे घाईघाईत "हो" करू नका, कारण सिटिझन नसताना नाव नोंदवलं किंवा मत दिलं तर पुढे नॅचरलायझेशन, म्हणजे नागरिकत्व मिळणं, तर अडकतंच, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. सिटिझन असाल, राहायला कॅलिफोर्नियात असाल, मतदानाच्या दिवशी १८ पूर्ण असतील, गंभीर गुन्ह्याची शिक्षा तुरुंगात भोगत नसाल आणि कोर्टाने अपात्र ठरवलं नसेल तर तुम्ही मतदार. १६-१७ वर्षांच्या पोरांची नोंदणी आधीच करून ठेवता येते, १८ झाली की ती आपोआप चालू होते.

कागदपत्रं? झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन रांगेत उभं राहायची सवय असलेल्या आपल्या माणसाला पटतच नाही पण जवळपास काहीच लागत नाही. राज्याच्या निवडणुका बघणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर ऑनलाइन फॉर्म आहे, त्यात लायसन्स किंवा स्टेट आयडीचा नंबर, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख आणि पत्ता एवढंच. मुदत मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत. ती हुकली तरी अगदी मतदानाच्या दिवशीसुद्धा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणूक ऑफिसात किंवा मतदान केंद्रावर जाऊन नोंदणी आणि मतदान एकदमच करता येतं, फक्त ते मत पडताळणीनंतर मोजतात. घर बदललं तर नोंदणी अपडेट करा, नाहीतर तुमचं पाकीट जुन्या घरमालकाच्या दारात पडून राहील. माहितीपुस्तिका हिंदीत मिळते, मराठीत नाही.

फॉर्ममध्ये एक गंमत आहे. पक्ष कोणता असं विचारतात, आणि कुठलाच नको म्हणून लोक "अमेरिकन इंडिपेंडंट" वर टिक करतात. तो एक खराखुरा पक्ष आहे! अपक्ष राहायचं तर "नो पार्टी प्रेफरन्स" निवडायचं. याचा फरक अध्यक्षपदाच्या प्रायमरीत पडतो. २०२४ ला अशा मतदारांना डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका मागून घेता येत होती, रिपब्लिकनची नाही, त्यासाठी त्या पक्षातच नोंदणी लागत होती. आमच्या ओळखीतल्या एकाने मागितलीच नाही आणि मग "माझ्या कागदावर अध्यक्षपदच नाही" म्हणून संध्याकाळभर चिडचिड.

बाकी पदांना पक्ष आड येत नाही. २०१० ला प्रपोझिशन १४ (मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) पास झालं तेव्हापासून गव्हर्नर, सिनेट, काँग्रेस, असेंब्ली या सगळ्यांना "टॉप टू" पद्धत आहे, म्हणजे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत आणि पहिले दोघं नोव्हेंबरात समोरासमोर, मग ते दोघं एकाच पक्षाचे का असेनात. यादी लांबते ती यामुळेच. २०१६ ला सिनेटसाठी ३४ नावं होती! काही काउंट्यांमध्ये ती दोन कॉलमात छापावी लागली आणि काहींनी दोन्ही कॉलमात एकेक गोल भरला, ते मत बाद. तेव्हा आधी वर लिहिलेलं वाचा, "एकालाच मत द्या" का आणखी काही.

माझ्या एकट्याच्या मताने काय होतंय असं वाटणाऱ्यांसाठी २०२४ चा किस्सा. माउंटन व्ह्यू, पालो अल्टोचा १६ वा काँग्रेस मतदारसंघ, ११ उमेदवार. सॅम लिकार्डो पहिले आणि दुसऱ्या नंबरावर एव्हन लो आणि जो सिमिटियन दोघांना बरोब्बर ३०,२४९ मतं. फेरमोजणी झाली, लो पाच मतांनी पुढे गेले. त्या भागात आपली माणसं कितीतरी राहतात, आणि पाच मतं म्हणजे एका मराठी घरातली मतं झाली की.

आता ठरवायचं कसं. मी मतपत्रिका खालून वर भरतो. वरच्या पदांबद्दल टीव्हीवर ऐकून आपलं मत झालेलंच असतं, खालच्या जज्जबद्दल कोणी बोलत नाही आणि तिथे मतंही कमी पडतात. जज्ज, काउंटी सुपरवायझर वगैरे पदांना कोणी प्रायमरीतच निम्म्याहून जास्त मतं घेतली तर विषय तिथेच संपतो, नोव्हेंबरात दुसरी संधी नाही. जज्जसाठी लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी वकिलांची बार असोसिएशन पात्र-अपात्र असा शेरा देते, तो बघा. नावाखाली उमेदवाराचा पेशा असतो तो साधारण तीन शब्दांत बसवलेला, त्यावर भाळू नका, ते तीन शब्द फार विचार करून निवडलेले असतात. आणि पहिलं नाव म्हणजे मोठा उमेदवार असंही नाही, अक्षरांचा क्रम सोडत काढून ठरवतात.

मोठ्या यादीत मी आधी ज्यांना द्यायचं नाही ते खोडतो (घरच्या नमुना पत्रिकेवर, खऱ्या नाही!), मग उरलेल्यांत कोण पहिल्या दोनात येऊ शकतो ते बघतो, कारण आवडत्या पण अकराव्या नंबराच्या माणसाला मत द्यायचं की नावडते दोघं पुढे जाऊ नयेत म्हणून तिसऱ्याला, हे आपलं आपण ठरवायचं. नोटा नाही इथे. काही कळलंच नाही तर ती जागा कोरी सोडा, बाकीची मतं चालतात. मला बोर्ड ऑफ इक्वलायझेशनचं (राज्याचं करांसंबंधीचं मंडळ) काम समजायला दोन निवडणुका गेल्या, तोवर कोरंच सोडलं.

मतपत्रिका प्रत्येक मतदाराला पोस्टाने घरी येते, साधारण महिनाभर आधी. परत पाठवायला तिकीट लागत नाही, पण शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचाच हवा, म्हणून शेवटच्या दिवशी पोस्टावर विसंबू नका, ड्रॉप बॉक्स रात्री ८ पर्यंत उघडा असतो. पाकिटावर सही करायला विसरू नका आणि ती नोंदणीच्या वेळच्या सहीसारखीच करा. मी लायसन्सवर घाईत एक रेघोटी ओढली होती आणि पाकिटावर हौसेने देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं. आठवड्याभरात पत्र आलं, सही जुळत नाही म्हणून. सोबतच्या फॉर्मवर तीच जुनी रेघोटी मारून पाठवली, मग चार दिवसांनी फोनवर मेसेज आला, मत मोजलं म्हणून.