टेनिस आणि समलिंगी चाहते

गे आणि लेस्बियन व्यक्तींमधील टेनिस खेळण्याची व पाहण्याची हौस आणि तिच्यातून उभे राहिलेले क्लब, स्पर्धा व चाहत्यांचे विश्व. खेळाडू म्हणून उतरणारे आणि केवळ प्रेक्षक म्हणून रमणारे, असे दोन गट इथे वेगळे काढणे अवघड आहे. शनिवारी सकाळी दुहेरीचे दोन सेट खेळलेली माणसे त्याच रात्री दूर कुठेतरी चाललेला उपांत्य सामना जागून पाहतात आणि कुणाचा बॅकहँड बिघडला यावर हिरिरीने वाद घालतात.

टेनिसच का, याची कारणे काही अंशी खेळाच्या रचनेत आहेत. सांघिक खेळांत चेंजिंग रूममधली थट्टा, मर्दानगीच्या परीक्षा आणि संघात कुणाला घ्यायचे यावरचे राजकारण यांना अनेक समलिंगी मुले लहानपणीच कंटाळतात. टेनिसमध्ये मध्ये जाळे असते, अंगाला अंग लागत नाही आणि पलीकडे एकच प्रतिस्पर्धी असतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. स्त्रिया आणि पुरुष एकाच पंधरवड्यात, एकाच मैदानावर आणि जवळपास सारख्याच प्रसिद्धीत खेळतात असे मोठे व्यावसायिक खेळ फार थोडे. टेनिस त्यांपैकी एक. अमेरिकन ओपनने १९७३ मध्ये पुरुष व महिलांना समान बक्षीस दिले. विंबल्डनला त्यासाठी २००७ उजाडावे लागले.

म्हणूनच गे पुरुषांचा मोठा वर्ग महिला टेनिसचा कट्टर चाहता असतो. ही निष्ठा बहुधा एका खेळाडूशी असते आणि वर्षानुवर्षे टिकते. ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा एकेरीत ८० वेळा समोरासमोर आल्या. त्यांपैकी ४३ सामने मार्टिनाने जिंकले. या द्वंद्वात आपण कोणत्या बाजूचे, हे जुने चाहते आजही ठासून सांगतात. जिंकणाऱ्यांइतकाच जीव हरणाऱ्यांवरही जडतो. १९९३ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होती. ५-१ करण्याची संधी तिने डबल फॉल्टवर, म्हणजे लागोपाठ दोन सर्व्हिस चुकवून, घालवली, सामनाही गेला, आणि बक्षीस समारंभात ती ब्रिटिश राजघराण्यातील डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. १९९८ मध्ये तिने तेच विजेतेपद मिळवले. तरी चाहत्यांच्या गप्पांत १९९३ चाच सामना आधी निघतो.

पोशाखाचा विषयही या रसिकतेत येतोच आणि त्याला उथळ म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. टेनिसच्या पोशाखाचा इतिहास घडवणारे टेड टिन्लिंग स्वतः गे होते. १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकन खेळाडू गसी मोरनसाठी लेस लावलेली निकर शिवली, त्यावरून विंबल्डनमध्ये गहजब झाला आणि टिन्लिंग यांना तिथून बराच काळ दूर राहावे लागले. २० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये स्त्री विरुद्ध पुरुष अशा गाजलेल्या सामन्यात बिली जीन किंगने माजी विंबल्डन विजेत्या बॉबी रिग्जला ६-४, ६-३, ६-३ असे हरवले, तेव्हा तिच्या अंगावरचा ड्रेसही त्यांचाच होता.

या इतिहासातले कळीचे वर्ष १९८१. त्या वर्षी एका माजी सहचारिणीने लावलेल्या दाव्यामुळे किंगचे खासगी आयुष्य तिच्या मनाविरुद्ध उघड झाले आणि तिचे जवळपास सर्व जाहिरात करार तुटले. जुलैमध्ये मूळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या नवरातिलोवाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि लगोलग एका न्यूयॉर्कच्या दैनिकाने तिच्या लैंगिकतेची बातमी छापली. काही आठवड्यांनी ती अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात ट्रेसी ऑस्टिनसमोर उभी होती. पहिला सेट तिने ६-१ असा सहज घेतला, पुढचे दोन्ही टायब्रेकमध्ये गमावले आणि शेवटचा गुण डबल फॉल्टवर गेला. उपविजेतीचे नाव पुकारताच मात्र सारे स्टेडियम उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. तोवर त्याच देशात तिला बहुतेक वेळा परकी म्हणूनच वागवले जाई. ती तिथेच रडली. कारकिर्दीअखेर एकेरीची १८ ग्रँड स्लॅम (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची) विजेतेपदे, त्यांत नऊ विंबल्डन, तिच्या नावावर जमा झाली. १९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या समलिंगी हक्क मोर्चात तिने भाषणही केले.

नंतरच्या पिढीत फ्रान्सच्या अमेली मोरेस्मोने १९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनदरम्यान, वयाच्या १९ व्या वर्षी, आपण लेस्बियन असल्याचे जाहीर केले. तिच्या शरीरयष्टीवरून शेरेबाजी झाली. २००६ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन आणि विंबल्डन दोन्ही जिंकले. एकहाती बॅकहँड आणि नेटकडे धाव घेणारा तिचा खेळ आवडणारे चाहते तिच्याविषयी अजूनही हळवे होतात. बेल्जियमच्या अलिसन व्हान उइटवांक आणि ग्रीट मिनन या तेव्हाच्या जोडप्याने २०१९ मध्ये विंबल्डनला दुहेरीत एकत्र खेळून दाखवले.

पुरुषांच्या बाजूला मात्र दीर्घ शांतता आहे. जर्मनीचा गॉटफ्रिड फोन क्राम हा १९३४ व १९३६ चा फ्रेंच विजेता. १९३७ मध्ये डेव्हिस चषक या देशांच्या संघांमधील स्पर्धेत अमेरिकेच्या डॉन बजविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ४-१ अशी आघाडी घेऊनही तो ८-६ ने हरला. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने समलैंगिकतेच्या आरोपावरून त्याला तुरुंगात टाकले. अमेरिकेच्या बिल टिल्डनचे नाव अनेकदा त्याच्या जोडीला घेतले जाते. पण टिल्डनची शिक्षा अल्पवयीन मुलाशी संबंधित गुन्ह्याची होती, त्यामुळे दोघांना एका पंक्तीत बसवणे योग्य नाही. अमेरिकेचा ब्रायन व्हाहाली निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी, २०१७ मध्ये आपण गे असल्याचे बोलला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या झुआंव लुकास रेइस दा सिल्व्हाने प्रियकराबरोबरचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा खेळत असलेला व्यावसायिक पुरुष टेनिसपटू उघडपणे गे असणे हीच मोठी बातमी ठरली. पुरुष टेनिसचे गे चाहते कमी नाहीत. पण आपल्यासारखा कुणी तिथे दिसावा म्हणून त्यांना फार थांबावे लागले.

प्रत्यक्ष खेळणाऱ्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गे खेळाडूंचे टेनिस मंडळ सुरू झाले. ऑलिंपिक डेकॅथलॉनपटू टॉम वाडेल यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये त्याच शहरात पहिले गे गेम्स, म्हणजे समलिंगींचा बहुक्रीडा महोत्सव, झाले. पुढे गे अँड लेस्बियन टेनिस अलायन्स ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिच्या छत्राखाली निरनिराळ्या देशांतल्या स्पर्धांची वार्षिक साखळी तयार झाली. ॲमस्टरडॅमच्या ‘स्मॅशिंग पिंक’सारखे क्लब या जाळ्याचा भाग आहेत. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या काळातच ‘ग्लॅम स्लॅम’ ही स्पर्धा भरते.

या स्पर्धांत ओपन, ए, बी, सी आणि डी असे कौशल्यानुसार गट असतात. त्यामुळे माजी कॉलेज चॅम्पियन आणि तिशीत पहिल्यांदा रॅकेट हाती धरलेला माणूस एकाच आठवड्याच्या अखेरीस आपापल्या पातळीवर खेळू शकतात. तक्रारही ठरलेली असते: अमुक जण खरा बी गटाचा, पण करंडकासाठी सी मध्ये नाव देतो. गटवारी ठरवणाऱ्या स्वयंसेवकांना त्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागते. परगावच्या खेळाडूंना स्थानिक सदस्यांनी घरी उतरवून घेणे आणि एका रात्री सर्वांचे एकत्र जेवण होणे, ही या वर्तुळातली जुनी पद्धत. दुहेरीला इथे विशेष मान आहे. जोडीदार शोधण्याच्या निमित्ताने ओळखी होतात. काही ओळखींचे संसार होतात, काही जोड्या पहिल्याच फेरीत नेटवरच्या चुकलेल्या व्हॉलीवरून फुटतात. विषमलिंगी खेळाडूंनाही या स्पर्धांत मज्जाव नसतो.

चाहत्यांत एकमत मात्र नाही. ऑस्ट्रेलियाची माजी विजेती मार्गारेट कोर्ट हिने २०१७ मध्ये समलिंगी विवाहाला जाहीर विरोध केल्यावर मेलबर्नच्या तिच्या नावाच्या स्टेडियमचे नामांतर करावे अशी मागणी झाली. २०२० मध्ये नवरातिलोवा आणि जॉन मॅकेन्रो यांनी तिथल्या कोर्टवर ऑस्ट्रेलियाचीच माजी विजेती इव्हॉन गूलागाँगच्या नावाचा फलक धरून ती मागणी पुढे रेटली. नाव बदललेले नाही. ट्रान्स खेळाडूंचा प्रश्न याहून टोकदार आहे. ट्रान्स स्त्री असलेल्या रेने रिचर्ड्सने न्यायालयात जिंकून १९७७ ची अमेरिकन ओपन महिला गटात खेळली आणि पुढे तिनेच नवरातिलोवाला प्रशिक्षण दिले. त्याच नवरातिलोवाला ट्रान्स स्त्रियांच्या सहभागाविरुद्धच्या मतांमुळे २०१९ मध्ये एका समलिंगी क्रीडासंघटनेने दूतपदावरून दूर केले, आणि तिच्या चाहत्यांत उभी फूट पडली. समलैंगिकता गुन्हा असलेल्या देशात स्पर्धा भरवण्यावरूनही मतभेद आहेत. महिलांची वर्षअखेरची स्पर्धा रियाधला नेण्याविरुद्ध एव्हर्ट आणि नवरातिलोवा यांनी २०२४ च्या आरंभी एकत्र लेख लिहिला, तर किंग यांनी तिथे जाऊनच बदल घडवावा अशी बाजू घेतली. स्पर्धा रियाधलाच झाली. २०२२ मध्ये रशियन असताना आपली लैंगिकता जाहीर करणारी आणि २०२५ पासून ऑस्ट्रेलियाकडून खेळणारी दारिया कसातकिना तिथे राखीव खेळाडू म्हणून गेली होती. जेसिका पेगुला जखमी झाल्यावर तिला कोर्टवर उतरण्याची संधीही मिळाली.