पिक्चर ट्यूब ठेवायची की काढायची? नाम जून पाइक यांच्या मनोऱ्याची पार्श्वभूमी

दक्षिण कोरियात सोलजवळच्या ग्वाचॉनमधल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात नाम जून पाइक यांचा टीव्ही संचांचा साडेअठरा मीटर उंच मनोरा आहे. नाव ‘द मोअर, द बेटर’. संच १००३, कारण दहाव्या महिन्यातली तिसरी तारीख, ३ ऑक्टोबर, हा कोरियाचा स्थापना दिन. सोल ऑलिंपिकच्या दोन दिवस आधी, १५ सप्टेंबर १९८८ रोजी तो सुरू झाला.

टीव्ही आणि चित्रफीत हेच माध्यम असलेल्या व्हिडिओ कलेचे जनक म्हणून पाइक ओळखले जातात. जन्म १९३२, सोलचा. कोरियन युद्धामुळे १९५० मध्ये कुटुंबाने देश सोडला. पुढे टोकियो, जर्मनी आणि १९६४ पासून न्यूयॉर्क. शिक्षण संगीताचे, पण १९६३ मध्ये वुपरटालच्या प्रदर्शनात त्यांनी टीव्ही संचांतली जोडणीच बदलून पडद्यावरचे चित्र बिघडवले. १ जानेवारी १९८४ रोजी उपग्रहाद्वारे दाखवलेल्या त्यांच्या टीव्ही कार्यक्रमानंतर ते चौतीस वर्षांनी मायदेशी गेले, तेव्हा तिथे ते राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाले होते. मनोऱ्याचे काम त्यांच्याकडे आले ते या लाटेवर.

अडचण इतकीच, की पिक्चर ट्यूबला, म्हणजे जुन्या टीव्हीत चित्र उमटवणाऱ्या काचेच्या नळीला, आयुष्य असते. २००३ मध्ये, पाइक हयात असतानाच, सगळे संच बदलले गेले आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये आगीच्या धोक्यामुळे मनोरा बंद करावा लागला, तेव्हा मात्र वाद पेटला. तोवर पिक्चर ट्यूबचे कारखाने जवळपास बंद पडले होते. एका बाजूचे म्हणणे, सरसकट सपाट एलसीडी पडदे लावा. दुसऱ्यांना काचेची वक्रता आणि ट्यूबची चमक सोडवत नव्हती. मनोरा उतरवा, असेही काहींनी सुचवले.

खुद्द पाइक यांची नव्या तंत्राला हरकत नव्हती. ट्यूबवाद्यांच्या युक्तिवादात ही बाब सोयीने मागे पडते. पाइक यांची १९६५ ची ‘मॅग्नेट टीव्ही’ ही कलाकृती वेगळी: तिथे संचावर ठेवलेला लोहचुंबक ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनांचा झोत वळवतो आणि चित्र पिळवटते. एलसीडीवर हे घडणारच नाही. ट्यूब गेली की कलाकृतीच गेली. मनोऱ्यातले संच मात्र बाहेरून आलेली चित्रफीत दाखवतात. दोन्हींना एकच नियम लावणे हा हट्टच म्हणायचा.

सप्टेंबर २०१९ मध्ये संग्रहालयाने मूळ रूप शक्य तितके राखायचे ठरवले. जुने संच शोधून सातशेहून अधिक ट्यूब दुरुस्त केल्या किंवा बदलल्या. वरच्या भागातल्या सहा आणि दहा इंची संचांना पर्याय मिळेना. तिथे अडीचशेहून अधिक एलसीडी पडदे आले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मनोरा पुन्हा सुरू झाला, पण आठवड्यातून चार दिवस, रोज दोन तास.