मानशीच्या दाराआडची शेती

भरती चढू लागली की मानशीचं, म्हणजे नदीकाठच्या बांधात बसवलेल्या पाणदाराचं, लाकडी दार आपसूक मिटतं. बाहेरचं खारं पाणी रेटा देतं, फळ्या चौकटीला घट्ट बसतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतल्या पाण्याचा रेटा वाढतो, दार उघडतं आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी नदीत जातं. गोव्यात मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या काठी सुमारे 18,000 हेक्टर खाजण, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली जमीन, अशा दारांमुळे लागवडीखाली आली, कारण ही शेतं भरतीच्या पातळीहून खाली आहेत.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मातीत मीठ भरलेलं असतं. पावसाचं पाणी खाचरात साचवायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला पाणी सोडायचं आणि पुन्हा साचवायचं. चांगलं धुऊन निघालं की मोड आलेलं बी फोकायचं. मातीच्या अर्काची क्षारता मीटरला 3 डेसिसीमेन्सच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं, आणि त्यापुढे दर एककाला साधारण 12 टक्के घट धरतात. म्हणूनच इथे कोरगुट हे खारं सोसणारं वाण टिकून राहिलं. कापणीनंतर मानशीतून भरतीचं पाणी मोजून आत घेतात. दाराजवळच्या खोलगट पोंयीत कोळंबी, शेवटे, चोणक वाढतात. हा चोणक म्हणजे रायगडकरांचा जिताडा.

बांध पोटात चिखल-पेंढ्याचा आणि बाहेरून जांभ्या दगडाचा. त्याला पहिली इजा बहुतेक वेळा खेकड्याच्या बिळातून होते. बिळातून झिरपणारं पाणी गढूळ दिसलं की समजावं, आतली माती वाहून चालली आहे. त्याच ओहोटीत बीळ उकरून चिखल-पेंढा ठासून भरला तर काम निभावतं. राहून गेलं तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांध फुटून खांड पडते. बांधाबाहेरची खारफुटी लाटा अडवते, म्हणून ती राखावी. तीच झाडं बांधावर रुजली तर मुळं दगड सैल करतात.

हे रोज पाहायचं कोणी? पूर्वी गांवकरीची, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेची, देखरेख असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर हे काम कुळांच्या संघांकडे आलं. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि माझ्या मते खरी दुखरी नस हीच आहे. जास्त बोली लावणाऱ्याला मासळी हवी असते. मग भरतीतही दार उघडं ठेवलं जातं आणि खारं पाणी खाचरात शिरतं. लिलावाचे पैसे बांधावर लागले नाहीत, तर भातवाल्याचं दुहेरी नुकसान होतं.

2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेनं खाजणांचे नकाशे करायला आणि त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. पण नकाशात नुसती हद्द रंगवून भागत नाही. प्रत्येक मानशीच्या उंबऱ्याची पातळी, तिच्यामागे किती शेत निथळतं, दार कोणत्या महिन्यात कोणी उघडायचं आणि बांधाची जबाबदारी कोणाची, हे सगळं त्याच नकाशाला जोडलेलं हवं. काठावर भराव घालून रस्ता केला, तर नाला तुंबून वरच्या अंगाची शेतं पाण्याखाली जातात, मग बांध शाबूत असला तरी.

खांड वेळीच बुजवायला आणखी एक कारण आहे. दार मोडून खारं पाणी रोज आत-बाहेर करू लागलं की काही वर्षांत शेतात खारफुटी उगवते. ती तोडायला कायद्यानं बंदी आहे. त्यानंतर बांध कितीही पक्का बांधला तरी त्या खाचरात भात परत आणणं फार अवघड होऊन बसतं.