गावाकडे अंघोळीचं पाणी उन्हावर: सूर्यघर योजनेची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेतून घरावर सौर पॅनल बसवायला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पण नळ्या आणि टाकी असलेला, थेट पाणी तापवणारा सौर वॉटर हीटर या योजनेत बसत नाही. त्याला केंद्राकडून पूर्वी सरसकट मिळणारं अनुदान २०१४ सालीच थांबलं. गावोगाव या दोन वस्तूंची गल्लत होते आणि त्या गल्लतीवर काही जण धंदा करतात. 'सबसिडीतला सोलर गिझर देतो' म्हणून कोणी दारात आलं आणि आगाऊ पैसे मागू लागलं, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

मग गरम पाण्यासाठी या योजनेचा उपयोग काय? पॅनलच्या विजेवर गिझर चालतो आणि त्या विजेचा हिशेब महावितरण तुमच्या बिलातून वळता करते. कोणता रस्ता तुमच्या घराला परवडेल, हे अर्जाआधी पाहा, कारण अर्जात किती किलोवॅट लिहायचं ते यावरच ठरतं.

आधी पाण्याचा हिशेब

चार-पाच माणसांच्या घरात अंघोळीसाठी रोज साधारण १०० लिटर गरम पाणी लागतं. थंडीत २० अंशांचं पाणी ५० अंशांपर्यंत न्यायचं, तर १०० लिटरला सुमारे साडेतीन युनिट वीज जाते. महिन्याचे झाले १०५ युनिट, तेही फक्त अंघोळीचे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे आणि त्यापुढच्या टप्प्याचा जवळपास दुप्पट. घरात गिझर आला की बिल एकदम अंगावर येतं, ते यामुळे. पाण्याच्या बादलीत सोडायचा रॉड स्वस्त दिसतो, पण तेवढंच पाणी तापवायला तोही तेवढीच वीज खातो, शिवाय शॉक बसण्याची भीती वेगळी.

१ किलोवॅटचे पॅनल महाराष्ट्रातल्या उन्हात रोज सरासरी ४ युनिटांच्या आसपास वीज देतात. म्हणजे एका किलोवॅटमध्ये घराचं गरम पाणी निघतं. त्याला सावली न येणारी साधारण १०० चौरस फूट जागा लागते. उलट १०० लिटरच्या सौर हीटरला उन्हाकडे तोंड केलेलं २ चौरस मीटर, म्हणजे वीस-बावीस चौरस फुटांचं तावदान पुरतं, कारण तो उन्हाची सरळ उष्णता करतो, मध्ये वीज येत नाही. असा हीटर वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचवतो, असं केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय सांगत आलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. घरचा एरवीचा वीजवापर महिन्याला ५०-६० युनिटच असेल आणि पाणी अजून बंबावर किंवा चुलीवर तापत असेल, तर अनुदान नसलं तरी सौर हीटरचा विचार आधी करा. सरपण गोळा करण्याचे आणि धुरात बसण्याचे कष्ट घरातल्या बाईच्याच वाट्याला येतात, ते त्याने पहिल्या दिवसापासून थांबतात. फक्त बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर तांब्याच्या नळ्यांचा सपाट पत्र्याचा हीटर घेऊ नका, त्यात क्षार धरून नळ्या चोंदतात. काचेच्या पोकळ नळ्यांचा घ्या. फ्रिज, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर धरून बिल १५० युनिटांच्या वर जात असेल, तर मात्र पॅनल फायद्याचे ठरतात आणि पुढची सगळी प्रक्रिया तुमच्यासाठी आहे.

अनुदान किती

पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये, त्यापुढे वाढ नाही. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला १ ते २ किलोवॅट आणि १५० ते ३०० युनिटांच्या घराला २ ते ३ किलोवॅट पुरतात. गिझर नव्याने घेणार असाल तर आजच्या वापरात त्याचे शंभरेक युनिट मिळवून मगच आकडा ठरवा. गरम पाणी वर्षभर सारखं लागत नाही, उन्हाळ्यात गिझर बंदच असतो, तेव्हा उगाच मोठा संच सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पॅनलची एकूण क्षमता आणि पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची क्षमता यांत जी कमी असेल, तिच्यावर अनुदान मोजलं जातं. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा आणि पॅनल २.७ किलोवॅटचे असतील, तर ७८,००० नाही, ७२,६०० रुपये मिळतील. कोटेशनवर हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

पात्रता

अर्जदार भारतीय नागरिक हवा, पॅनल बसवता येईल असं छत असलेलं घर हवं, घरगुती वीजजोडणी हवी आणि त्या घरासाठी सौर पॅनलचं अनुदान पूर्वी घेतलेलं नसावं. उत्पन्नाची अट नाही. छत स्लॅबचंच हवं असंही नाही. वजन पेलणाऱ्या पत्र्याच्या छतावर किंवा उंच उभारलेल्या लोखंडी सांगाड्यावरही पॅनल चालतात. जुन्या कौलारू घरांना सांगाडाच बरा. शेतीपंपाची जोडणी इथे चालत नाही, त्यासाठी कुसुम योजना वेगळी आहे.

कागदावर पात्रता इतकी सोपी आहे. प्रत्यक्षात गाडी अडते ती बिलावरच्या नावाशी. गावात असंख्य मीटर आजोबांच्या नावावर आहेत, आजोबांना जाऊन वर्षं लोटली, बिल मात्र त्यांच्याच नावाने येतं आणि घरचे निमूट भरतात. या योजनेत वीजग्राहक तोच अर्जदार आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात. म्हणून मीटर आधी हयात माणसाच्या नावावर करा, अर्जाचं पोर्टल नंतर उघडा. महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा उपविभाग कार्यालयात नावबदलाचा अर्ज होतो. त्याला मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत आणि घराच्या मालकीचा पुरावा जोडावा लागतो. घराची नोंदही आजोबांच्याच नावावर असेल, तर ग्रामपंचायतीत वारसनोंद आधी करून घ्या. तिला मासिक सभेचा ठराव लागू शकतो, तेव्हा सभेची तारीख विचारून त्याआधीच अर्ज द्या. भावांमध्ये वाटणीचा वाद असेल तर ना-हरकत मिळायला वेळ जातो. पॅनलचे पैसे कोणी भरले आणि वीज कोणी वापरायची, हे त्याच कागदावर लिहून ठेवलेलं चांगलं.

थकबाकी असेल तर तीही आधी भरून टाका.

कागदपत्रं

अलीकडचं वीजबिल लागतं, त्यावर १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. आधार, चालू मोबाइल नंबर, ईमेल आणि अर्जदाराच्या नावाचं पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश हवा. घराच्या मालकीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती जवळ ठेवा. बरेच जण तलाठ्याकडचा ८-अ घेऊन येतात. तो शेतजमिनीचा खातेउतारा आहे, घराचा पुरावा म्हणून चालत नाही. नमुना ८ ग्रामपंचायतीकडून मिळतो.

आधार, वीजबिल आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकाच तऱ्हेने लिहिलेलं आहे का, ते अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. एकावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाहीच, असं असेल तर अनुदान खात्यावर येताना अडकतं. बँकांच्या विलीनीकरणात शाखांचे आयएफएससी कोड बदललेत, जुन्या पासबुकावरचा कोड तसाच भरू नका.

अर्ज कसा चालतो

राष्ट्रीय पोर्टलचा पत्ता आहे पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, राज्य, जिल्हा आणि वीज कंपनी म्हणून महावितरण निवडायची, ग्राहक क्रमांक टाकायचा आणि छतावरच्या सौर संचासाठी अर्ज भरायचा. स्वतः जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रातून भरून घ्या, पण मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. केंद्रचालकाचा नंबर दिला तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि तुम्ही अंधारात राहता.

१० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक पाहणीची वाट पाहावी लागत नाही. २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल होऊन असे अर्ज आपोआप मंजूर धरले जाऊ लागले. मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट, कमी असेल तर तो वाढवून देण्याचं कामही वीज कंपनीचंच आहे. 'भार वाढवून आणा, मग बघू' असं कोणी म्हणालं तर हा नियम दाखवा.

मंजुरीनंतर पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांतून एकाची निवड करायची. इथे घाई नको. दोन-तीन कोटेशन मागवा आणि सर्वात स्वस्तापेक्षा तालुक्याच्या गावी माणूस आणि सुटे भाग असलेल्याला पसंती द्या. पावसाळ्यात इन्व्हर्टर बंद पडला तर जिल्ह्याबाहेरचा विक्रेता फोन उचलेलच असं नाही. विक्रेत्याशी करार होतो आणि त्यात ५ वर्षांची देखभाल विक्रेत्याने करायची असते. ती किमतीतच धरलेली आहे, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. अनुदानासाठी पॅनल आणि त्यातले सौर घट (सेल) दोन्ही भारतात बनलेले हवेत. बिलावर तसा उल्लेख आणि पॅनलचे अनुक्रमांक मागून घ्या. हे नसेल तर संच कितीही चांगला असला तरी अनुदान जातं.

पैसे आधी तुम्ही विक्रेत्याला पूर्ण द्यायचे, अनुदान नंतर तुमच्या खात्यात येतं. एवढी रक्कम हातात नसेल तर ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला सरकारी बँका तारणाशिवाय २ लाख रुपयांपर्यंत कर्ज देतात. त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेला आहे आणि साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी आहे. सावकाराच्या पैशावर हा संच घेऊ नका, व्याजातच अनुदान निघून जाईल.

संच बसला की विक्रेता छायाचित्रांसह तपशील पोर्टलवर चढवतो. नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि परत पाठवलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा अर्ज होतो, महावितरणचे लोक येऊन तपासणी करतात, मीटर बदलतात आणि संच सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर येतो. त्यानंतर बँकेचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश भरून अनुदानाची मागणी नोंदवायची. हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात आणि अनुदान आलं नाही म्हणून विक्रेत्याशी भांडतात. मागणी नोंदवल्यावर ३० दिवसांच्या आत पैसे देणं अपेक्षित आहे.

दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये केंद्राच्या अनुदानाला जोडून 'स्मार्ट' ही योजना मंजूर केली. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या घरांना त्यातून १ किलोवॅटचा संच मिळतो. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात आणि त्याला स्वतःचे साधारण २,५०० रुपयेच भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या इतर ग्राहकांना राज्याकडून १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये आहेत. ज्या घरात आजही तीन दगडांवर पाणी तापतं, तिथपर्यंत ही माहिती सगळ्यात आधी पोचायला हवी. ग्रामपंचायतीलाही गावातल्या प्रत्येक संचामागे केंद्राकडून १,००० रुपये प्रोत्साहन मिळतं. ग्रामसभेत हा विषय लावून धरा, एकदम दहा-वीस अर्ज गेले तर विक्रेताही दर कमी करतो.

केंद्राच्या योजनेची मुदत २०२६-२७ हे आर्थिक वर्ष संपेपर्यंत आहे. नावबदलाला लागणारा वेळ धरूनच सुरुवात करा.

नेट मीटर लागल्यावरही बिल येतं, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. दुपारी जास्तीची झालेली वीज पुढच्या महिन्यांच्या खात्यात जमा होत जाते आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. पहिल्या दोन-तीन बिलांवर आलेले आणि गेलेले युनिट मीटरच्या आकड्यांशी स्वतः ताडून पाहा. फरक दिसला तर त्याच महिन्यात उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.